आधी 'मॅकबेथ' की आधी 'ऑथेल्लो'?

शेक्सपिअरची एखादी शोकांतिका नीट वाचायची असं ठरवलं की बहुतेकांची गाडी 'हॅम्लेट'पाशी जाऊन अडते. सगळ्यांत गाजलेलं नाव म्हणून तेच उचललं जातं, आणि जवळजवळ चार हजार ओळींच्या त्या नाटकात दुसऱ्या अंकापर्यंत दमछाक होते. 'किंग लिअर'मध्ये दोन बापांच्या दोन कहाण्या शेजारी शेजारी चालतात. पहिल्याच वाचनात दोन्ही धागे सांभाळणं जड जातं. ही दोन्ही नाटकं नंतरची. सुरुवात करायला उरतात 'मॅकबेथ' आणि 'ऑथेल्लो'. माझा कौल 'ऑथेल्लो'ला आहे. पण काही वाचकांना मी न कचरता 'मॅकबेथ'च हाती देईन.

लांबी पाहिली तर 'मॅकबेथ' सरस. सुमारे 2100 ओळी; शेक्सपिअरची सगळ्यांत आटोपशीर शोकांतिका. 'ऑथेल्लो' साधारण त्याच्या दीडपट. पण प्रवेश मोजा, म्हणजे पारडं फिरतं: 'ऑथेल्लो'त 15 प्रवेश, 'मॅकबेथ'मध्ये 28च्या आसपास. 'मॅकबेथ' सारखं जागा बदलतं. माळरान, छावणी, इन्व्हर्नेसचा वाडा, फॉरेसचा राजवाडा, फाइफ, मधेच इंग्लंड, शेवटी डन्सिनेनचा किल्ला. 'ऑथेल्लो' पहिल्या अंकापुरतं व्हेनिसला असतं, मग सायप्रसला उतरतं आणि तिथून हलत नाही. तुर्कांशी लढायला म्हणून सगळे त्या बेटावर येतात आणि वादळात तुर्की आरमाराचीच वाताहत होते. लढाई टळते. आता बेटावर एक सेनापती, त्याची नवी नवरी, आणि त्याच्यावर डूख धरून बसलेला हाताखालचा माणूस. तिघांनाही दुसरं काही काम नाही.

नावांचा घोळ होत असेल तर इथेही 'ऑथेल्लो' सोपं. सात-आठ माणसं ओळखीची झाली की झालं. 'मॅकबेथ'मधले रॉस, लेनॉक्स, अँगस, मेंटिथ, केथनेस हे सरदार एकमेकांपासून वेगळे काढणं कठीण जातं. खरं सांगायचं तर रॉस सोडल्यास काढायची फारशी गरजही नाही.

खून कुठे होतो

दोन्ही नाटकांचा सांगाडा समजून घ्यायला एवढा एक प्रश्न पुरतो.

'मॅकबेथ'मध्ये खून लवकर होतो. लढाई जिंकून परतणाऱ्या मॅकबेथला तीन चेटकिणी भेटतात: तू कॉडॉरचा सरदार होशील, पुढे राजा होशील. बरोबर असलेल्या बँकोला सांगतात, तू राजा होणार नाहीस, पण तुझ्या वंशात राजे होतील. पहिलं भाकीत पाठोपाठ खरं ठरतं. मॅकबेथचं मन कच खात असतं, बायको त्याला पुढे ढकलते, आणि घरी पाहुणा आलेल्या डंकन राजाचा झोपेत खून होतो. हा झाला दुसरा अंक. पुढचे तीन अंक त्या एका रात्रीची फेड चालते: बँकोचा खून, मॅकडफ या सरदाराच्या बायकामुलांची कत्तल, बायकोचं झोपेत चालणं, शेवटी स्वतःचा अंत.

'ऑथेल्लो'त खून शेवटच्या प्रवेशात. त्याआधीचं सगळं नाटक म्हणजे एका भल्या माणसाला खुनापर्यंत नेण्याची तयारी. मूर वंशाचा, म्हणजे आफ्रिकेकडचा काळा, सेनापती ऑथेल्लो व्हेनिसच्या एका प्रतिष्ठित माणसाच्या मुलीशी, डेस्डेमोनाशी, परस्पर लग्न करतो. बाप ब्रॅबॅन्शियो याच ऑथेल्लोला कौतुकाने घरी बोलावत होता, त्याच्या लढायांच्या गोष्टी ऐकत होता. घरी जेवायला चालतो, जावई म्हणून चालत नाही, ही गोष्ट मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. बढती हुकलेला इयागो ऑथेल्लोच्या मनात भरवतो की डेस्डेमोनाचं कॅसिओशी सूत आहे. कॅसिओ म्हणजे ज्याला ती बढती मिळाली तो.

म्हणून 'मॅकबेथ' वाचताना आपण एका माणसाची आतून होणारी पडझड बघत बसतो, आणि 'ऑथेल्लो' वाचताना कुणीतरी मधे पडेल का म्हणून जीव टांगणीला लागतो. पहिल्या वाचनाला हा दुसरा ताण जास्त धरून ठेवतो. माझ्या कौलाचं मोठं कारण हेच.

तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश

कथानक पात्रांच्या स्वभावातून कसं घडतं, हे दाखवणारा एकच प्रवेश निवडायचा तर मी हा निवडेन. पावणेपाचशेच्या आसपास ओळी. सुरुवातीला ऑथेल्लो सुखात आहे. शेवटी तो गुडघे टेकून सूडाची शपथ घेतो आणि इयागो त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसलेला असतो. मधल्या वेळात डेस्डेमोनाने काहीही केलेलं नाही.

सुरुवात बघा किती क्षुल्लक. दारू पिऊन केलेल्या मारामारीमुळे कॅसिओची नोकरी गेली आहे, आणि ती परत मिळावी म्हणून तो डेस्डेमोनाकडे रदबदली करायला आला आहे. ऑथेल्लो येताना दिसतो तसा लाजेने निघून जातो. इयागो अर्धवट पुटपुटतो, हे मला बरं दिसत नाही. काय म्हणालास? काही नाही, मालक. तो कॅसिओ होता ना? कॅसिओ? छे, तो असा चोरासारखा कशाला निघून जाईल! आरोप कुठेच नाही. इयागो तर कॅसिओची बाजू घेतोय. पुढेही तो ऑथेल्लोचेच शब्द प्रश्नासारखे परत फेकतो आणि गप्प बसतो, आणि रिकामी जागा ऑथेल्लो आपल्या मनाने भरतो. मग अगदी मोक्याला तो बापाचं वाक्य काढतो. बापाने मुलगी गमावली तेव्हा भर सभेत ऑथेल्लोला बजावलं होतं: तिने बापाला फसवलं, तुलाही फसवेल. पहिल्या अंकात हा म्हाताऱ्याचा त्रागा वाटला होता. दोन अंकांनंतर तोच पुरावा होऊन बसतो.

'मॅकबेथ'कडेही याला तोडीस तोड जागा आहे: दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश. खून रंगमंचावर होत नाही, विंगेत होतो. आपल्याला दिसतात ती खुनानंतर कुजबुजणारी नवराबायको. तू काही बोललास? कधी? आत्ता. मी खाली येताना? हो. शब्द इतके तोडके की त्यांचा श्वास ऐकू यावा. मॅकबेथ रक्ताळलेले खंजीर हातातच घेऊन आला आहे. पहारेकऱ्यांजवळ ठेवायचं विसरला. परत जायला तो धजत नाही, मग ती जाते. हीच बाई काही क्षणांपूर्वी म्हणाली होती, झोपेत तो माझ्या वडिलांसारखा दिसला नसता तर मीच केलं असतं. तेवढ्या एका ओळीत पुढचं झोपेत चालणं पेरलेलं आहे. तिला निव्वळ दुष्ट बाई समजून वाचणाऱ्यांच्या हातून ही ओळ हमखास निसटते.

आणि दरवाजावर थापा पडत राहतात.

नाटकाचा हा भाग मोठ्याने वाचायला 'ऑथेल्लो'पेक्षाही चांगला आहे. गटाने बसून वाचन करणार असाल तर माझा कौल इथे डळमळतो.

दुय्यम पात्रं

इथे मात्र 'ऑथेल्लो' सरळ पुढे. एमिलिया घ्या, इयागोची बायको आणि डेस्डेमोनाची सोबतीण. डेस्डेमोनाचा पडलेला रुमाल तिला सापडतो. नवरा कधीपासून मागत होता म्हणून ती त्याला देते. तो कशाला हवा ते तिला ठाऊक नाही. पुढच्याच प्रवेशात डेस्डेमोना हवालदिल होऊन विचारते, माझा रुमाल कुठे गेला असेल ग? एमिलिया म्हणते, मला माहीत नाही. एवढंसं खोटं. शेवटी खरं काय ते कळतं तेव्हा हीच एमिलिया नवऱ्याच्या तलवारीसमोर उभी राहून सगळं बोलते आणि जीव देते. शेक्सपिअरने ही गोष्ट चिंथिओ या इटालियन लेखकाच्या 1565 सालच्या कथासंग्रहातून उचलली. तिथे रुमाल खलनायक स्वतःच चोरतो, डेस्डेमोना त्याच्या मुलीला खेळवत असताना. चोरी बायकोच्या हाती दिली, आणि त्यातून एक पूर्ण बाई उभी राहिली.

'मॅकबेथ'मध्ये नवराबायको सोडले तर बाकीची माणसं पुसट. अपवाद दोन. बँकोला मॅकबेथचा संशय येतो, पण आपल्या वंशाचंही भाकीत आहे म्हणून तो गप्प बसतो. शेक्सपिअरने ज्यावरून ही कथा घेतली त्या हॉलिन्शेडच्या इतिहासात तर बँको खुनाच्या कटातच आहे. पण 1603 मध्ये इंग्लंडच्या गादीवर आलेला जेम्स राजा बँकोला आपला पूर्वज मानत होता, तेव्हा नाटकात त्याला कटात कोण घालणार! दुसरा मॅकडफ. घरचं कसं आहे असं तो विचारतो, आणि रॉस आधी 'ठीक आहे' म्हणून वेळ मारून नेतो. खरी बातमी कळल्यावर मॅकडफ पुन्हा पुन्हा विचारत राहतो, माझी सगळी मुलं? सगळी म्हणालात?

ही जागा ज्या प्रवेशात आहे तो मात्र नाटकातला सगळ्यांत रेंगाळलेला. डंकनचा मुलगा माल्कम मॅकडफची परीक्षा घेण्यासाठी स्वतःला किती वाईट म्हणवून घेतो ते संपता संपत नाही. पहिल्या वाचनात भरभर उलटलंत तरी चालेल.

खोट 'ऑथेल्लो'तही आहे. सायप्रसवरचा सगळा प्रकार दीड-दोन दिवसांत उरकतो. डेस्डेमोना आणि कॅसिओला व्यभिचार करायला वेळ कधी मिळाला, हा हिशेब कागदावर बसत नाही. प्रयोगात तो कुणाच्या मनातही येत नाही. इयागोची कारणंही एकमेकांना पुरून उरतात: बढती हुकली, शिवाय ऑथेल्लोचा आपल्या बायकोशी संबंध असावा, कदाचित कॅसिओचाही. त्याचं खरं कारण कुठलं यावर डोकं खाजवत बसू नका. नाटक ते सांगत नाही. शेवटी पकडल्यावर तो म्हणतो, मला काही विचारू नका, आता मी एक शब्दही बोलणार नाही.

वाचताना एक साधी युक्ती. 'ऑथेल्लो'साठी कागदावर लिहीत चला की या घडीला कोणाला काय माहीत आहे. 'मॅकबेथ'साठी लिहा, कोण कधी गप्प बसलं. दोन्ही कथानकं यातूनच उलगडतात.

मराठीतून वाचायचं असेल तर

निवड सोपी नाही, कारण शिरवाडकरांनी दोन्ही आणली आहेत: 'मॅकबेथ'वरून 'राजमुकुट' (1954), आणि 'ऑथेल्लो'. त्याआधी देवलांनी 1890 मध्ये 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला होता आणि शि. म. परांजप्यांनी 'मॅकबेथ'चा 'मानाजीराव'. ही जुनी रूपांतरं मजेदार आहेत, पण मूळ नाटक समजून घ्यायला पहिलं पुस्तक म्हणून घेऊ नयेत.

'मकबूल' ('मॅकबेथ'वरून) आणि 'ओंकारा' ('ऑथेल्लो'वरून) हे हिंदी चित्रपट पाहिलेल्यांना थोडी सावधगिरी. 'ओंकारा'त लंगडा त्यागीला त्याची बायको मारते. शेक्सपिअरचा इयागो पडदा पडताना जिवंत असतो. 'मकबूल'मध्ये निम्मी सुरुवातीला अब्बाजीच्या घरात असते. मूळ नाटकात लेडी मॅकबेथ पहिल्यापासून मॅकबेथचीच बायको आहे, आणि एकमेकांवर खरोखर जीव असलेलं ते जोडपं आहे. तिसऱ्या अंकातल्या मेजवानीनंतर ती दोघं पुन्हा एकत्र दिसत नाहीत. त्या नाटकातलं हे दुःख चित्रपटाच्या आठवणीखाली झाकलं जातं.

शाळकरी मुलांबरोबर वाचायचंय, हाताशी एकच रविवार आहे, किंवा भुताखेतांचं, रक्ताचं, काळोखाचं वातावरण आवडतं: 'मॅकबेथ' घ्या. नाटक लिहायची हौस आहे, एकांकिका बसवता, किंवा माणूस माणसाला कसा फिरवतो याचं कुतूहल आहे: 'ऑथेल्लो'. 'ऑथेल्लो' घेतलंत तर तिसरा अंक तुकड्यातुकड्याने वाचू नका. त्याच्यासाठी एक अख्खी संध्याकाळ राखून ठेवा, आणि रुमाल पडतो त्या ओळीपाशी पेन्सिलीने खूण करा. पुढे तो ज्याच्या ज्याच्या हाती जाईल तिथे पुन्हा.