जालन्यात आठ महिने सॉना घेतला, त्याचा अनुभव

जालन्यात राहून सॉना, म्हणजे तापवलेल्या लाकडी खोलीत घाम काढत बसणं, म्हणलं की लोक तोंडाकडं बघतात. आईनं तर पहिल्याच दिवशी विचारलं, बाबा एवढं ऊन पडायलंय फुकटचं, गरमीत बसायला पैसे कशाला भरायलास? तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. आता देतो.

वय 47, बियाण्याच्या कंपनीत फिरतीचं काम, भोकरदन, जाफ्राबाद, मंठा असं रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर मोटारसायकलवर. संध्याकाळी कंबर लाकडासारखी व्हायची, झोप रात्रीतून तीनदा मोडायची आणि दोन वर्षांपासून बीपीची एक गोळी चालू आहे. दिवाळीनंतर जिम लावली, तिथं सॉना होता. डॉक्टरला विचारलं, ते म्हणले बीपी कंट्रोलमध्ये आहे तर जा, फक्त उठताना सावकाश उठा.

छोटी लाकडी खोली, कोपऱ्यात इलेक्ट्रिक हीटर, त्यावर दगड, आत 80 डिग्री. आकडा ऐकून भ्या वाटतं पण हवा कोरडी असते, घाम लगेच उडून जातो म्हणून सहन होतं. स्टीम रूममध्ये, म्हणजे वाफेनं भरलेल्या खोलीत, 45 डिग्रीलाच जीव नको होतो कारण तिथं घाम वाळतच नाही. पहिली चार-पाच मिनिटं काहीच होत नाही, नाकात थोडं चटचट करतं, मग हातावरच्या प्रत्येक केसाच्या बुडाशी मोहरीएवढा थेंब उगवतो, बघता बघता ते थेंब एकमेकाला मिळतात आणि कोपरावरून धार लागते. दगडावर पाण्याचा एक मग टाकला की फस्सकन आवाज येतो आणि वाफेचा झोत आधी कानावर येतो.

मी आठवड्यातून चारदा जातो, एका वेळी 12 ते 15 मिनिटं. सगळ्यात जास्त फरक झोपेत पडला. तिसऱ्या आठवड्यातच बायको म्हणली, रात्री उठायचं बंद झालंय तुमचं. आतून तापलेलं अंग बाहेर आल्यावर हळूहळू थंड होत जातं, तेव्हा अशी सुस्ती येते की साडेदहाला डोळे मिटतात. कंबर पूर्ण गेली म्हणणार नाही, पण सकाळी बूट घालताना वाकता येतं. बीपी घरच्या मशीनवर 146/92 असायचा तो आता 134/86 च्या आसपास राहतो, गोळी तीच आहे, मात्र मी रोज चालायला पण लागलोय, त्यामुळं सगळं श्रेय सॉनाला देता येत नाही.

वजनासाठी जाणाऱ्यांनी जाऊच नये. मी आधी आणि नंतर काट्यावर उभा राहून बघितलं, 600 ग्रॅम कमी, आणि दोन तांबे पाणी पिलं की परत तेवढंच. शरीरातली घाण घामातून निघते म्हणतात तेही खरं नाही, घाम म्हणजे पाणी आणि मीठ, घाण काढायचं काम किडनी आणि लिव्हरचं.

फिनलंडमध्ये 42 ते 60 वयाच्या 2315 पुरुषांवर सुमारे 20 वर्षं लक्ष ठेवलं होतं, 2015 ला ते छापून आलं. आठवड्यातून एकदा सॉना घेणाऱ्यांपेक्षा चार ते सात वेळा घेणाऱ्यांमध्ये हृदय अचानक बंद पडून मरण्याचं प्रमाण 63 टक्के कमी दिसलं. सॉनामुळंच कमी झालं असं त्यातून सिद्ध होत नाही, जो रोज सॉनात बसू शकतो तो आधीच धडधाकट असू शकतो. पण आत नाडी 120 च्या पुढं जाते हे मी स्वतः मोजलंय, जोरात चालल्यासारखीच.

चूक सांगतो. महाशिवरात्रीला उपवास, दिवसभर ऊन, पाणी जेमतेम, आणि तसाच आत जाऊन बसलो. उठलो आणि डोळ्यापुढं अंधार, दाराला धरलं म्हणून पडलो नाही. गरमीनं रक्तवाहिन्या पसरतात, बीपी खाली येतो आणि त्यात झटक्यात उठलं की असंच होतं. तेव्हापासून आधी अर्धा लिटर पाणी, नंतर मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी, आणि बाहेर यायच्या आधी दोन मिनिटं खालच्या फळीवर. दारू पिऊन तर कुणीच जाऊ नये, गरोदर बाईनं आणि नुकताच अटॅक येऊन गेलेल्यानं डॉक्टरशिवाय नको. मूल हवं असणाऱ्या पुरुषांनी पण थांबावं, गरमीनं शुक्राणू काही काळ कमी होतात.

आणि आई, उन्हाचं असं आहे. उन्हात माणूस तासन्‌तास काम करतो, पाणी वेळेवर मिळत नाही आणि रात्री पत्र्याखाली अंग थंडच होत नाही. सॉनात पाव तास बसायचं आणि बाहेर येऊन थंड व्हायचं, मला तरी झोपेचा फायदा त्या थंड होण्यातच दिसला. म्हणून मे महिन्यात माझं गणित बिघडलं, बाहेर 42 आणि टाकीचं पाणी अंगावर घेतलं की चटका बसायचा. माठातलं पाणी कॅनमध्ये भरून नेलं, अर्धी बादली पुरते, तरी दोनच दिवसांवर आलो. आता पेरण्या उरकल्यात, पाऊस आहे, परत चार दिवस चालू केलंय.

जिमची एक तक्रार आहे, लाइटबिल वाचवायला हीटर 60 वरच ठेवतात आणि मागितल्याशिवाय वाढवत नाहीत. त्यामुळं कुठं पैसे भरायच्या आधी एक दिवस ट्रायल मागा आणि आतला थर्मामीटर स्वतः वाचा.