बेदाणा कोल्ड स्टोरेज, सांगली-तासगाव : थंडी फक्कड, पावती काठावर पास

थंडीबद्दल फारशी तक्रार नाही. चार-पाच अंशांवर चेंबर, पंधरा किलोचे बॉक्स भिंतीपासून सोडून रचलेले, लाइट गेली तर जनरेटर. मार्चमध्ये लावलेला हिरवा बेदाणा दिवाळीच्या सौद्याला काढला तरी रंग धरून असतो. ५ पैकी साडेचार.

पावतीला मात्र दोनच. ‘हि. बे. २०० बॉक्स’ एवढंच खरडलेलं, खाली न वाचता येणारी सही. लॉट नंबर नाही, चेंबर नाही, निव्वळ वजन नाही. म्हणजे तीन टन माल एका चिठोऱ्यावर.

माल ठेवला तरी मालकी शेतकऱ्याचीच, गोदामवाल्याकडे नुसता ताबा. लबाडीने तो माल परस्पर विकला किंवा स्वतःच्या कर्जाला तारण दिला, तर तो फौजदारीपात्र न्यासभंग, बोलीत अपहार. १ जुलै २०२४ पासूनच्या प्रकारांना भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६(३) लागतं. गोदामवाल्याला ७ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. नोकराने मालकाचा विश्वास मोडून बॉक्स पळवले तर ३१६(४), शिक्षा तेवढीच. विकायला दिलेल्या मालाची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, अडत्याने गिळले तर ३१६(५), तिथे जन्मठेपेपर्यंत जाता येतं.

गल्लत होते ती इथेच. उधारीवर विकलेल्या मालाचे पैसे बुडाले तर तो न्यासभंग नव्हे, कारण विक्री झाली की माल घेणाऱ्याचा होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या दिल्ली रेस क्लब निकालात हा फरक पुन्हा बजावला. म्हणून स्टोरेजचा मालक स्वतः व्यापारही करत असेल, तर पावतीवर ‘फक्त साठवणुकीसाठी’ हे शब्द हवेतच. नाहीतर वाद झाल्यावर ‘माल आम्ही विकत घेतला होता, पैसे द्यायचे राहिलेत’ म्हणायला तो मोकळा! मग पोलीसही ‘दिवाणी मॅटर आहे’ म्हणून हात झटकतात.

मशीन बंद पडून बेदाणा काळवंडला तर गुन्हा शोधत बसू नये. तो निष्काळजीपणा, भरपाई ग्राहक आयोगात किंवा दिवाणी कोर्टात मागायची.

डिलिव्हरीची पद्धत जरा बरी, गेटपास मिळतो. पण ८० बॉक्स काढले की मूळ पावती जमा करून घेतात आणि उरलेल्या १२० चा पुरावा फक्त त्यांच्या रजिस्टरात राहतो. पावती सोडू नये. तिच्याच पाठीवर ‘शिल्लक १२०’, तारीख, सही-शिक्का घ्यावा. भाडं ऑनलाइन भरावं आणि तपशिलात लॉट नंबर टाकावा. गोदाम डब्ल्यूडीआरएकडे, म्हणजे गोदामांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या प्राधिकरणाकडे, नोंदलेलं असेल तर इलेक्ट्रॉनिक पावतीच मागावी. तिची नोंद गोदामवाल्याच्या वहीबाहेर असते.

ठाण्यात तक्रार घेतलीच नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीचा कायदा) कलम १७३(४) प्रमाणे ती लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. सोबत त्याच पावतीची झेरॉक्स जोडावी.