प्रूफची पीडीएफ गेली की काम गेलं

दिवाळीच्या दीड-दोन महिने आधी फोन येतो. साड्यांचं दुकान आहे, 40 साड्या, प्रत्येकीचे 3 फोटो, 24 पानी कॅटलॉग, वर पिशवीचं डिझाइन. "तुम्ही फोटोही काढता, डिझाइनही करता, मग एकच पॅकेज सांगा ना." दोन्ही कामं येणाऱ्याला असा फोन फार गोड वाटतो. 5,000 ॲडव्हान्स येतो, त्यात मॉडेल, मेकअप आणि लाइटचं भाडंही निघत नाही. पुढचं सगळं, म्हणजे 120 फोटोंचं रिटचिंग आणि पूर्ण लेआउट, उधारीवर. मग निरोप येतो, "मोठ्या भावाला दाखवायचंय, पीडीएफ टाका."

पीडीएफ जाते, आणि पलीकडून फोन उचलणं बंद होतं. महिन्याभराने तेच कॅटलॉग छापलेलं दिसतं.

होतं काय? इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधून नेहमीच्या सेटिंगने पीडीएफ सेव्ह केली की 'प्रिझर्व्ह इलस्ट्रेटर एडिटिंग कॅपॅबिलिटीज'वर आधीच टिक असते. ती काढली नाही, तर ती पीडीएफ म्हणजे ओपन फाइलच, कुणीही बदल करू शकेल अशी. कुठलाही डीटीपीवाला ती उघडतो, वॉटरमार्कवर (फोटोवर टाकलेल्या तुमच्या नावाच्या पुसट खुणेवर) क्लिक करतो, डिलीट दाबतो आणि फाइल प्रेसला देतो. टिक काढली तरी वेक्टर (कितीही मोठा केला तरी न बिघडणारा) लोगो अख्खा निघतो. पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरची 'हाय क्वालिटी प्रिंट' पीडीएफ असेल, तर फोटोही 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) छापण्याजोगे मिळतात.

म्हणून प्रूफ, म्हणजे पसंतीसाठी दाखवायची प्रत, पाठवताना पानाचा सपाट जेपेगच पाठवा, लांब बाजू 1000 पिक्सेल. 300 डीपीआयला ए-4 छापायला 3508 पिक्सेल लागतात. 1000 मध्ये जेमतेम साडेआठ सेंटिमीटर निघतं. पण इन्स्टाग्रामला तेवढं पुरतं, हे विसरू नका. वॉटरमार्क कोपऱ्यात असेल तर क्रॉप होतो, तो साडीच्या काठावरून, पदरावरून आडवा जाऊ द्या. फोटो निवडायला सुटे देऊ नका. एका पानावर 12 लहान फोटो, खाली नंबर.

"प्रेसवाला ओपन फाइल मागतोय" हीसुद्धा ठरलेली थाप. छपाईला कर्व्ह केलेले (अक्षरांचे आकार बनवलेले) फॉन्ट, सीएमवायके (छपाईचे चार रंग) आणि 3 मिमी ब्लीड (कापण्यासाठी पानाच्या कडेबाहेर वाढवलेला भाग) असलेली पीडीएफ पुरते. प्रेसचा नंबर मागा, स्वतः बोला. टाळाटाळ झाली की समजून जा. पेमेंटच्या स्क्रीनशॉटवरही विसंबू नका, खातं उघडून बघा. आणि पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

आता पॅकेजचा खरा तोटा. कॉपीराइट कायदा 1957, कलम 17: मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणारा असतो. लोगो किंवा लेआउटचा मालक मात्र, नोकरीत नसाल तर, तो करणारा. म्हणजे एकाच कामात फोटो त्याचे, डिझाइन तुमचं. तो 5,000 दाखवून "फोटो माझेच" म्हणतो आणि वाद तिथेच अडकतो. कोटेशनमध्ये शूट, रिटचिंग, डिझाइन वेगळ्या ओळींत लिहा. शूटआधी 50 टक्के, फोटो निवडल्यावर 30, मोठ्या फाइल देण्याआधी 20. शेवटी एक ओळ: "पूर्ण रक्कम मिळेपर्यंत छायाचित्रं व डिझाइन यांचे सर्व हक्क आमच्याकडे राहतील." त्याखाली सही घ्या. नंतर हक्क द्याल तेव्हा मुदत लिहा. नाही लिहिली तर कलम 19 प्रमाणे 5 वर्षं धरली जाते.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, काम घेण्याआधीच करून ठेवा, मागाहून केलेली वादात सापडते. ती मोफत आहे, पैसे मागणारी साइट बनावट समजा. ती असेल तर लहान उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायदा 2006 प्रमाणे, करार असला तरी, ग्राहकाला 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या हिशेबाने चक्रवाढ व्याज लागतं. तयार काम ग्राहकाच्या हाती पडल्यापासून 15 दिवसांत त्याची लेखी हरकत आली नाही, तर ते स्वीकारलं असं धरलं जातं. म्हणून फाइल दिल्याचा ईमेल जाऊ द्या, नुसता व्हॉट्सॲप नको.