मे महिन्यात थिरथिरा? मी तिथेच थांबायला हवं होतं

जुना स्पॉटिंग स्कोप, म्हणजे पक्षी पाहायची एका नळीची दुर्बीण, जाहिरात पाहून घ्यायला गेलो आणि फसलो. एकूण २९,१८० रुपये गेले. आगाऊ ६,०००, पॅकिंग-कुरिअरचे ६८० आणि पार्सल दारात आल्यावर रोख २२,५००. आकडा आधीच लिहून टाकतो, कारण तो मुलीला सांगायला मला नऊ दिवस लागले आणि त्या नऊ दिवसांत समोरच्याने नंबर बंद करून पोबारा केला. लाजेपायी गप्प बसू नका. आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा, घरच्यांची बोलणी मग खा.

मी चोपड्याचा, निवृत्त विज्ञान शिक्षक. परसात पेरू, शेवगा, कढीपत्ता, कुंपणावर मधुमालती. शिंजीर, शिंपी, दयाळ, तांबट रोजचे. पण ओट्यापासून शेवगा अठरा मीटरवर, आणि माझ्या ३०० मिमीच्या लेन्सने शिंजीर चौकटीत हरभऱ्याएवढा दिसतो. ६०० मिमीची चांगली लेन्स लाखाच्या घरात जाते, पेन्शनीत ती बसत नाही. म्हणून स्पॉटिंग स्कोप हवा होता. ज्यांना हा नाद आहे त्यांना हिशोब ठाऊक आहे: २० पटीवर ठेवून आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, मोबाइल लावला की मोबाइलची २६ मिमी लेन्स ५२० मिमीसारखी वागते. अ‍ॅडॉप्टर असेल तर कॅमेराही सरळ जोडता येतो. दोन वर्षं मी १०×५० च्या दुर्बिणीला मोबाइल रबराने बांधून फोटो काढले. ही काही हाव नव्हती.

जाहिरात होती जुन्या ८० मिमी स्कोपची, म्हणजे पुढचं भिंग ८० मिमी व्यासाचं. २० ते ६० पट झूम, टी-रिंगला (कॅमेऱ्यावर लेन्सच्या जागी बसवायच्या आटेदार कडीला) बसणारा अ‍ॅडॉप्टर, किंमत २८,५०० रुपये. माणूस फोनवर गोड बोलायचा. सरकारी नोकरी, बदली झाली, सामान कमी करतोय, वगैरे. ही कहाणी तुम्हीही ऐकली असेल, मीही ऐकली होती. पण तो म्हणाला, ‘सर, याच स्कोपने शहाद्याकडे रानपिंगळा टिपलाय.’ खानदेशातल्या पक्षीवेड्या माणसासमोर हे नाव घेतलं की तो अर्धा विरघळतो. शंभर वर्षांहून जास्त काळ हरवलेला हा पक्षी नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच पुन्हा सापडला, हे इथल्या पोरासोरांनाही माहीत आहे. त्या ठगालाही माहीत होतं.

आणि आता ती गोष्ट, जी आठवली की आजही झोप उडते. मी नमुन्याचे फोटो मागितले, त्याने तीन पाठवले. तिसऱ्यात भिंतीवर थिरथिरा बसलेला, तांबूस शेपटी, छातीवरचं एकेक पीस मोजता येईल इतका स्वच्छ. खाली लिहिलं होतं, ‘परवाच काढला, घरच्या बागेत.’ तारीख १९ मे. इथे पारा ४४ वर. थिरथिरा आपल्याकडे हिवाळी पाहुणा, ऑक्टोबरात येतो आणि एप्रिलपर्यंत उत्तरेकडे निघून जातो. हे मी वर्गात पोरांना शिकवलंय! मी तो फोटो मोठा करून करून पाहिला, पिसं पाहिली, आणि महिना पाहिला नाही. मनात काहीतरी टोचलंही होतं. ‘एखादा मागे राहिला असेल’ अशी समजूत मीच काढली. त्याने मला फसवलं ते नंतर. त्या मिनिटाला मी त्याच्या बाजूने वकिली करत होतो.

पार्सलवाला पोरगा आधी खोलू देईना. ‘काका, पैसे दिल्याशिवाय सील तुटत नाही.’ खोलू देत नसतील तर पार्सल परत पाठवा, आगाऊ दिलेले पैसे बुडाले तरी चालेल. मी उन्हात उभ्या पोराची दया करून पैसे मोजले.

आत निघाली प्लॅस्टिकची नळी. शेजारच्या किराणा दुकानात काट्यावर टाकली, ६४० ग्रॅम. काचेचा खरा ८० मिमी स्कोप किलोच्या वर जातोच, तेव्हा विकणाऱ्याकडे आधी वजनकाट्यावरचा फोटो मागा. दुकानदार म्हणाला, ‘मास्तर, हाई कसाले लिधं?’ मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या भिंगावर लालभडक लेप आणि दोन बोटं आत काळी प्लॅस्टिकची कडी, तिचं भोक व्हर्नियरने मोजलं तर ३८ मिमी. म्हणजे बाहेर भिंग कितीही मोठं असो, उजेड ३८ मिमीतूनच येणार. ‘८०’ हा आकडा स्टिकरवर होता. नखाने उचकटला, तर खाली ‘५०’ कोरलेलं. अ‍ॅडॉप्टर माझ्या निकॉनच्या टी-रिंगवर दीड फेरा फिरला आणि अडकला. टी-रिंगच्या दोन आट्यांमधलं अंतर ०.७५ मिमी, जुन्या स्क्रू लेन्सच्या १ मिमी. व्यास दोन्हींचा ४२, म्हणून डोळ्याला फरक दिसत नाही. नुसतं ‘४२ मिमी’ लिहिलेल्या जाहिरातीला भुलू नका.

घरबसल्या अजून एक तपासणी होते, ती विकणाऱ्याकडून व्हिडिओ कॉलवर करून घ्या. स्कोप २० पटीवर ठेवून आभाळाकडे धरायचा आणि आयपीसमागे हातभर अंतरावरून पाहायचं. उजेडाचं गोल टिकलीएवढं दिसतं. ८० भागिले २०, ते ४ मिमी भरलं पाहिजे. माझं दोनही भरलं नाही.

रानपिंगळ्याच्या बाबतीतही खोट्या लेबलानेच घात केला होता. माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश कर्नलने १८८० च्या दशकात जतन केलेल्या रानपिंगळ्याचा चोरलेला नमुना स्वतःच्या नावावर खपवला, त्यावर १९१४ आणि गुजरातमधलं मांडवी असं लिहिलं, आणि पुढच्या अभ्यासकांना भलत्या ठिकाणी शोधत बसवलं. मोठमोठी माणसं लेबलाला फसली, मग मला एकट्यालाच मूर्ख का म्हणता?

आता साहेब लोकांचं. गावातल्या ठाण्यात सांगितलं, हे सायबरचं काम, जळगावला जा. एस.टी.ने गेलो, तिथे दीड तास बाकावर. म्हणे, ‘पार्सल मिळालं ना तुम्हाला? मग सायबर कसलं, ग्राहक मंचात जा.’ कुणाविरुद्ध जाऊ? नाव खोटं, पत्ता खोटा! बँकेत गेलो तर, ‘पिन तुम्हीच टाकला.’ कुरिअरवाले म्हणे, आम्ही फक्त डबा पोचवतो. २२,५०० ची रोकड डब्यातून चालत गेली का? ती त्यांच्याच माणसाने मोजून घेतली आणि त्यांच्याच कार्यालयातून पुढे कुणाला तरी दिली, ते नाव ते सांगत नाहीत. पुन्हा ठाण्यात, पुन्हा जळगाव. चार फेऱ्या झाल्या. हाती काय, तर ‘अर्ज मिळाला’ असा शिक्का मारलेली झेरॉक्स. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. हे मी छापून नेलं, हवालदाराने वाचलंसुद्धा नाही. एका साहेबांनी विचारलं, ‘या वयात पाखरांचे फोटो कशाला?’ तो प्रश्न मला २९,१८० पेक्षा जास्त लागला. चाळीस वर्षं इमानाने नोकरी केलेल्या माणसाने आपल्या पैशाने काय बघायचं, याची परवानगी यांच्याकडून घ्यायची का?

डबा, बिल, सील, सगळं जपून ठेवलंय. तुम्हीही काही फेकू नका, आणि पार्सल उघडताना शेजाऱ्याला व्हिडिओ काढायला सांगा.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. गाव आता अमरावती, किंमत २६,०००. मी तक्रार नोंदवली, तरी काल रात्री ती तिथेच होती. फोटो ओळखून ठेवा: पांढरी भिंत, उजवीकडे निळ्या नळाची तोटी, आणि भिंतीच्या कडेवर शेपटी किंचित खाली झुकवून बसलेला थिरथिरा.