डीएसची बनावट कार्ट्रिज: फसवणूक कळते ती सेव्ह उडाल्यावर

निन्टेन्डो डीएस या हातात धरून खेळायच्या कन्सोलचं बनावट कार्ट्रिज (गेम साठवलेली छोटी प्लास्टिकची वडी) पहिल्या दिवशी छान चालतं. आयकॉन दिसतो, संगीत वाजतं, पात्रं बोलू लागतात. कथाप्रधान साहसी गेममध्ये घोटाळा उघडा पडतो तो सेव्ह करून, म्हणजे खेळातली प्रगती साठवून, कन्सोल बंद केल्यावर, नाहीतर बऱ्याच पुढच्या प्रकरणात स्क्रीन गोठल्यावर. तोवर परतीची मुदत टळलेली असते आणि विक्रेत्याला चांगलं रेटिंगही देऊन झालेलं असतं. निन्टेन्डो डीएसच्या जुन्या गेमबाबत आम्ही नेमके असेच फसवले गेलो.

गेम होता 'नाइन अवर्स, नाइन पर्सन्स, नाइन डोअर्स'. वापरलेलं कार्ट्रिज, डब्यासकट, 'टेस्टेड' म्हणून विकलेलं. या गेमला सहा शेवट आहेत आणि खऱ्या शेवटापर्यंत पोचायला आधी एक ठरावीक शेवट पाहिलेला असावा लागतो. डीएस आवृत्तीत मधल्या वळणावर उडी मारायची सोय नाही. दर वेळी सुरुवातीपासून खेळायचं, फक्त वाचलेला मजकूर झरझर पुढे नेता येतो. कोणता शेवट पाहून झाला याची नोंद सेव्हमध्येच असते. ती पुसली की खऱ्या शेवटाची वाट बंद, आणि आमची पुसलीच.

तक्रार केल्यावर विक्रेत्याचं उत्तर आलं, "जुनं कार्ट्रिज आहे, आतली बॅटरी उतरली असेल, बदलून घ्या." हे धादांत खोटं आहे. डीएस कार्ट्रिजमध्ये सेव्ह बॅटरीवर टिकत नाही. त्यासाठी वीज नसतानाही माहिती राखणारी वेगळी मेमरी असते. तिचा प्रकार आणि क्षमता गेमप्रमाणे बदलते. बनावट कार्ट्रिज बनवणारे पुष्कळदा सगळ्या गेमना एकच स्वस्त चिप लावतात. गेम एका पद्धतीने लिहायला जातो, चिपला दुसरीच पद्धत समजते. मग सेव्ह होतच नाही, किंवा झाल्यासारखी दिसून पुढच्या वेळी गायब असते. बॅटरीची सबब ऐकवणाऱ्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही.

खरं कार्ट्रिज ओळखताना लेबलच्या रंगावर विसंबू नका, हल्लीची छपाई फार चांगली असते. समोरच्या लेबलवर खाली 'एनटीआर'ने सुरू होणारा कोड असतो. त्यातल्या मधल्या चार अक्षरांपैकी शेवटचं अक्षर प्रदेश सांगतं: ई म्हणजे अमेरिका, पी म्हणजे युरोप, जे म्हणजे जपान. आता कार्ट्रिज उलटं करून प्रकाशात तिरपं धरा. मागे बारीक, फिकट छापलेला क्रमांक दिसतो आणि त्याची सुरुवात बहुतेक वेळा त्याच चार अक्षरांनी होते. बनावट मालात हा क्रमांक नसतो, नाहीतर भलत्याच गेमचा असतो. मागचं निन्टेन्डोचं नाव प्लास्टिकमध्ये रेखीव कोरलेलं हवं. कडा बोथट किंवा अक्षरं भरलेली दिसली तर घेऊ नका.

सगळ्यात भरवशाची चाचणी सेव्हचीच. नवा गेम सुरू करा, पहिली सेव्ह करायला मिळेल तिथवर खेळा, सेव्ह करा, कन्सोल पूर्ण बंद करून कार्ट्रिज बाहेर काढा, थोड्या वेळाने परत घालून लोड करा. जमल्यास डीएसआय किंवा थ्रीडीएस या निन्टेन्डोच्या नंतरच्या कन्सोलवरही लावून पाहा. या कन्सोलमध्ये जुन्या डीएस गेमची पडताळणी होते, त्यामुळे डीएस लाइट या आधीच्या मॉडेलवर चालणारं बनावट कार्ट्रिज तिथे अडकू शकतं. मात्र कार्ट्रिज वाचलंच जात नसेल तर लगेच बनावट ठरवू नका. मळलेल्या पिनांमुळे (कार्ट्रिजच्या कडेच्या धातूच्या पट्ट्या) अस्सल मालही अडतो. कापसाच्या काडीवर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पिना पुसा आणि वाळल्यावर पुन्हा लावा.

डीएसच्या आधीच्या गेम बॉय ॲडव्हान्स कन्सोलची गोष्ट वेगळी. तिथे काही अस्सल कार्ट्रिजमध्ये खरंच बॅटरी असते, म्हणून सेव्ह गेली एवढ्यावर निर्णय देता येत नाही. अस्सल लेबलवर दाबून उमटवलेला बारीक आकडा शोधा आणि पिनांच्या वर सर्किट बोर्डवर निन्टेन्डोचं नाव आहे का ते पाहा. 'एस अटर्नी' या वकिलाच्या गेममालिकेचे पहिले 3 भाग या कन्सोलवर 2001 ते 2004 दरम्यान फक्त जपानमध्ये, जपानी भाषेत आले. ॲडव्हान्सवरचं त्यांचं इंग्रजी कार्ट्रिज कुणी दाखवलं तर ते अधिकृत नाही, पुढचं काही तपासायचीही गरज नाही. उलट पहिल्या भागाच्या 2005 च्या जपानी डीएस आवृत्तीत इंग्रजीचा पर्याय आहे, म्हणून तिथे इंग्रजी दिसली तर घाबरू नका.

पैसे देण्याआधी पुढचा, मागचा आणि पिनांचा असे फोटो मागा, शेजारी त्या दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून. जाहिरातीत अस्सल मालाचा फोटो आणि पाकिटात दुसरंच, ही जुनी चाल आहे. खरेदीदाराला संरक्षण देणाऱ्या मार्गानेच पैसे द्या, पाकीट उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा आणि सेव्हची चाचणी होईपर्यंत रेटिंग देऊ नका. तक्रारीत 'नादुरुस्त' लिहू नका, 'बनावट' लिहा. नादुरुस्तीचं खापर वापरणाऱ्यावर फोडणं विक्रेत्याला सोपं जातं. मागच्या क्रमांकाचा फोटो सोबत जोडा.

काही गेमसाठी ही जोखीम घ्यायची गरजच नाही. 'घोस्ट ट्रिक' हा डीएसचा गेम 2023 मध्ये नव्या कन्सोलवर आला. 'नाइन अवर्स' 2017 च्या 'द नोनरी गेम्स' संचात मिळतो आणि त्यात प्रसंगांचा नकाशा असल्यामुळे हव्या त्या वळणावर परत जाता येतं. 'हॉटेल डस्क' या डीएस गेमला मात्र असा पर्याय नाही. तो बनवणारी सिंग कंपनी 2010 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि गेम डीएसबाहेर आलाच नाही. त्याचं कार्ट्रिज घेताना मागचा क्रमांक आणि सेव्ह, दोन्ही तपासल्याशिवाय व्यवहार पुरा करू नका.