ईव्हीला टोबार लावू, छतावर बांधू का आतच कोंबू?

परभणीच्या दाजींचा परवा फोन आला, "पाव्हणं, गाडीला मागून हुक लावून घ्यायलो, दोन सायकली अडकवल्या की झालं, वेल्डर म्हणायलाय दोन तासाचं काम." मी म्हणलं दाजी, आधी वेल्डरला नाही म्हणा मग बोलू. गाडी इलेक्ट्रिक, वॉरंटीतली, आणि हे तिच्या खाली वेल्डिंग करायला निघालेत. मी मागच्या वर्षभरात यातले तीन प्रकार करून बघितलेत आणि चौथ्याची म्हणजे टोबारची (गाडीच्या मागं बसवायचा बार, टोकाला गोळा म्हणजे बॉल, त्याच्यावर सायकलचा रॅक बसतो) चौकशी करून करून थकलोय, तर दाजींना जे सांगितलं तेच इथं लिहितो, कारण संभाजीनगरात सायकलवाले पण वाढायलेत आणि ईव्ही पण, आणि खुलताबादला गाडी लावून म्हैसमाळचा घाट सायकलनं चढायचा तर सायकल तिथपर्यंत न्यायची कशी हा प्रश्न प्रत्येकाचाच आहे.

सगळ्यात आधी एकच गोष्ट ठरवा, गाडीत माणसं किती आणि सायकली किती. दोन माणसं दोन सायकली असतील तर पुढचं अर्धं वाचायची गरज नाही, सायकली आत टाका. मागची सीट पाडायची, पुढचं चाक काढायचं (क्विक रिलीज म्हणजे हातानं उघडणारा खटका असेल तर अर्धा मिनिट), चेनची बाजू वर ठेवायची, मधे जुनी गोधडी. पैसे शून्य, रेंजला (एका चार्जमध्ये गाडी किती जाते त्याला) फरक नाही, चोरीची भीती नाही, पोलीस अडवत नाहीत. तोटा एकच की माणसं दोनच बसतात आणि पावसाळ्यात चाकाचा चिखल सीटला लागतो, काळ्या मातीचा डाग निघता निघत नाही हे मी तुम्हाला काय सांगू.

डिक्कीवर पट्ट्यांनी बांधायचा रॅक मी पहिला घेतला होता, स्वस्त म्हणून. नका घेऊ. आजकालच्या गाड्यांना डिक्कीच्या वर प्लास्टिकचा स्पॉयलर असतो, वरच्या पट्टीचे हुक त्याच्यावर बसतच नाहीत, बसवले तर दहा किलोमीटरला सैल. त्याच्या रबराच्या पायांखाली आपल्याकडचा फुफाटा गेला की ते पॉलिश पेपर होतात, माझ्या डिक्कीवर दोन गोल चट्टे आहेत अजून. वरून नंबर प्लेट झाकली जाते ते वेगळंच. व्हॅक्यूम कपवाले पण मिळतात, चांगले असतीलही, पण त्यांना काच आणि पत्रा एकदम स्वच्छ लागतो आणि एप्रिलमध्ये वेरूळच्या रस्त्यावर स्वच्छ पत्रा म्हणजे काय ते मला दाखवा.

आता छत. पेट्रोल गाडीला छतावर सायकल म्हणजे मायलेज थोडं कमी, विषय संपला. ईव्हीला हे जास्त टोचतं कारण एकतर बॅटरी ठरलेली आणि दुसरं म्हणजे हायवेला तिची निम्म्याहून जास्त ताकद हवा कापण्यातच जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. म्हणजे ८० च्या जागी १०० नं गेलात तर विरोध दीडपटीहून जास्त, आणि समृद्धीवर मर्यादा १२० ची आहे म्हणून १२० नं गेलात तर ८० च्या सव्वादोन पट. त्यात वर दोन सायकली उभ्या. मी एकदा मित्राच्या कॅरिअरवर सायकली बांधून जालन्याहून समृद्धीनं आलो, गाडीच्या रेंजचा आकडा असा उतरायला लागला की शेवटी डाव्या लेनमधून ट्रकवाल्यांच्या संगतीनं आलो. पण तेच म्हैसमाळला, चाळीस किलोमीटर, ५०-६० च्या वेगानं, काहीच फरक पडला नाही. म्हणून छत वाईट असं सरसकट नाही म्हणत मी, लांबच्या हायवेला वाईट.

छताचं अजून दोन गोष्टींचं भान ठेवा. बऱ्याच गाड्यांचे रूफ रेल नुसते शोभेचे असतात, मॅन्युअलमध्ये छतावर किती किलो चालतं ते लिहिलेलं असेल तरच बांधा, आणि त्या आकड्यात कॅरिअरचं वजन पण धरायचं. दुसरं उंची, गाडी १.६ मीटर आणि वर उभी सायकल म्हणजे २.७ च्या पुढं जातं, तुम्ही विसरणार आणि एखाद्या हॉटेलच्या बेसमेंटचा बार तुम्हाला आठवण करून देणार. स्टिअरिंगला चिकटवा चिठ्ठी, खरंच.

आता टोबार. तिकडं युरोपात सायकली न्यायचा हा सगळ्यात सरळ मार्ग धरतात आणि मला पटतं. सायकली गाडीच्या मागं, हवेच्या सावलीत राहतात त्यामुळं रेंज छतापेक्षा कमी जाते, उचलायच्या गुडघ्यापर्यंतच, आणि पत्र्याला काहीच टेकत नाही. एक गैरसमज इथं काढून टाका की टोबार म्हणजे ट्रेलर ओढणं. फोक्सवॅगनच्या आयडी.३ ला टोबार येतो पण ओढायला नाही, फक्त सायकल रॅकसाठी, ७५ किलोचा उभा भार, म्हणजे बॉलवर वरून पडणारं वजन. म्हणजे गाडी ओढायला पास नसली तरी रॅकला पास असू शकते, दोन वेगळे आकडे आहेत. चांगल्या टोबारवर ठोकलेली प्लेट असते, तिच्यावर ‘एस’ म्हणजे उभा भार किलोत आणि ‘डी’ म्हणजे ओढण्याचा. आपल्याला ‘एस’ शी मतलब.

मग हिशोब करा. रॅक १७ किलो, साधी सायकल १५, दाजींची ई-सायकल २२, झाले ५४. ‘एस’ ७५ असेल तर आरामात, ५० असेल तर गेलं. आणि हे वजन बॉलच्या वर सरळ नाही बसत, मागं हातभर लटकतं, त्यामुळं प्रत्येक स्पीडब्रेकरला तो बार पिरगळला जातो. आपल्याकडं गावोगावी जे स्पीडब्रेकर आहेत, म्हणजे रंग नाही पाटी नाही, रात्रीत उगवलेले, तिथं ५४ किलोचा झटका त्याच्या कितीतरी पट लागतो. ई-सायकलची बॅटरी काढून गाडीत ठेवा, तेवढेच दोन-तीन किलो कमी.

म्हणूनच वेल्डरला नाही म्हणा म्हणलं. बरोबर बसवलेला टोबार बंपरच्या आतून, गाडीच्या चॅसिसच्या दोन रेलना बोल्टनं बसतो, ठरलेल्या टॉर्कनं. बंपरच्या पत्र्याला किंवा खालच्या टो हुकच्या भोकाला जोडलेला चौकोनी पाईप आणि त्यावर लेथला वळवलेला गोळा हे टोबार नव्हे. रॅकचा क्लॅम्प ५० मिमीच्या बॉलसाठी असतो, दोन मिमीचा फरक पडला तरी सायकली रस्त्यात डुलायला लागतात. ईव्हीवर वेल्डिंगचा करंट कुठून कुठं फिरेल याचा भरवसा नाही, कंट्रोलर गेला तर वॉरंटीवाले दारात उभं करणार नाहीत. नारिंगी केबल दिसली की तिथून हात मागं, तो हाय व्होल्टेज आहे.

वायरिंगचं पण तसंच. रॅकला मागचे दिवे, इंडिकेटर, नंबर प्लेट असलेला बोर्ड लागतो. जुन्या गाडीत टेल लॅम्पच्या वायरीला टाचणी मारली की झालं, हल्लीच्या गाड्यांत तसं केलं तर डॅशबोर्डवर एरर येते. वेगळं मॉड्यूल लागतं, जे १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवरून करंट घेतं आणि टेल लॅम्पकडून फक्त इशारा घेतं. शिवाय मागं रॅक असला की रिव्हर्सला सेन्सर सारखे बोंबलतात, कॅमेऱ्यात सायकलचं चाकच दिसतं.

चार्जिंगचा विचार कोणीच करत नाही. पंच ईव्ही, झेडएस ईव्ही यांचा पॉईंट नाकावर आहे, नाक आत घालून लावा, रॅक मागं निवांत. ज्यांचा मागच्या फेंडरवर आहे त्यांना रिव्हर्स घ्यावं लागतं, रॅक हातभर आधीच भिंतीला टेकतो आणि फास्ट चार्जरची ती जाड केबल पोचत नाही. ढाब्यावरच्या चार्जरला सायकली उतरवत बसलेला माणूस मी बघितलाय, उन्हात.

आता कायदा, कारण इथं खरा अडथळा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ रचनेपेक्षा फेरफार करू देत नाही, २०१७ च्या डिसेंबरात केंद्रानं बुलबारवर (गाडीच्या पुढं लावतात तो लोखंडी गार्ड) जे परिपत्रक काढलं ते याच कलमावर. २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १८२अ आलं, प्रत्येक फेरफाराला ५००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. कायमचा लोखंडी बॉल मागं बाहेर आलेला असेल तर कोणता साहेब काय म्हणेल हे त्या चौकावर ठरतं, म्हणून घेतलाच तर काढता येणारा घ्या, सायकल नसेल तेव्हा बॉल डिक्कीत. नंबर प्लेट आणि दिवे झाकायचे नाहीत हे तर आहेच. आणि रुंदी मोजा. २९ इंची चाकाची एमटीबी म्हणजे माउंटन बाईक टोकापासून टोकापर्यंत १८० सेंटिमीटरच्या वर जाते, टियागो ईव्हीची रुंदी १६८ सुद्धा नाही, म्हणजे चाक बाजूनं बाहेर. ठरलेल्या मापाबाहेर गेलेल्या मालाला कलम १९४ मध्ये २०,००० चा दंड आहे. पुढचं चाक काढून लावा, प्रश्न मिटतो. विमावाल्यांना लेखी कळवा, फोनवर नाही.

तर दाजींचं काय. चार माणसं, दोन सायकली, त्यातली एक ई-सायकल, म्हणजे आत जमत नाही. २२ किलो छतावर उचलणं त्यांच्या कंबरेला झेपत नाही. परभणीहून इथं पावणेदोनशे-दोनशेचा रस्ता, छतावर घेऊन यायचं म्हणजे मधे एक चार्जिंग वाढलं. कागदावर त्यांच्यासाठी टोबारच बरोबर आहे, पण त्यांच्या मॉडेलचा, बोल्टनं बसणारा, प्लेट असलेला किट मिळाला तरच. नाही मिळाला तर एकच सायकल छतावर, ८० च्या आत, आणि ई-सायकल इथं माझी घ्यायची.

त्यांनी एका विक्रेत्याला प्लेटचा फोटो मागितला, त्यानं खोक्याचा फोटो पाठवला. दुसऱ्यांदा मागितला तर "साहेब शंभर किलो पण चालतंय" असा व्हॉइस मेसेज. त्यामुळं येत्या रविवारचं असं ठरलंय की दोन्ही सायकली गाडीत आत, दाजी एकटे गाडी घेऊन येणार, आणि ताई अन् पोरं तपोवन एक्सप्रेसनं. ताईला हे अजून सांगितलेलं नाही त्यांनी.