नंबरचा मास्क: चष्मेवाल्यांनी प्रवाळ बघायला जाण्याआधी घ्यावी अशी वस्तू

माझ्या डाव्या डोळ्याचा नंबर उणे पाच, उजव्याचा साडेचार. समुद्रात उतरताना चष्मा काढावाच लागतो आणि साध्या मास्कमधून मला प्रवाळ म्हणजे पिवळट-तपकिरी ढग दिसायचे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांवर गाईड बोट दाखवायचा, बाकीचे हाताने खूण करून 'दिसलं' सांगायचे, मला मासा कुठला आणि दगड कुठला ते कळायचं नाही. म्हणून अंदमानचं ठरलं तेव्हा विमानाच्या तिकिटांआधी मी नंबरचा मास्क घेतला. स्नॉर्केलिंग आणि डायव्हिंग, दोन्हीकडे वापरून झाल्यावर लिहिते आहे.

असा मास्क मुद्दाम घडवून घ्यावा लागत नाही. क्रेसी, मारेस, टुसा या कंपन्यांच्या काही दोन काचांच्या मॉडेलांत साध्या काचा काढून नंबरच्या तयार काचा बसवता येतात. अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्याने त्या मिळतात, दोन्ही डोळ्यांच्या वेगवेगळ्या घेता येतात. तयार काचेत सिलिंडर, म्हणजे डोळ्याच्या असमान वक्रतेसाठी चष्म्यात असतो तो वेगळा नंबर, मात्र नसतो. आमच्या चष्म्याच्या दुकानातल्या काकांनी सिलिंडरचा निम्मा नंबर मुख्य नंबरात मिळवून दिला आणि तेवढ्यावर माझं छान भागलं. पाण्याखाली मुळातच वस्तू साधारण एक तृतीयांश मोठी दिसते आणि जवळही वाटते, त्यामुळे पाव नंबरासाठी अडून बसू नका. सिलिंडर मोठा असेल तर चष्म्याच्या नंबराप्रमाणे काच बनवून मास्कमध्ये आतून चिकटवून घ्यावी लागते. ते महाग पडतं, पण तुम्हाला तेच लागेल. मास्क हातात आला की डावी-उजवी काच अदलाबदल झालेली नाही ना, हे घरीच एकेक डोळा मिटून बघा.

नंबराइतकंच महत्त्व चेहऱ्यावर बसण्याला. पट्टा न लावता मास्क चेहऱ्याला टेकवायचा, नाकाने हलका श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा. तो तसाच चिकटून राहिला तर घ्यायचा, सरकला तर कितीही देखणा असो, परत करायचा. कपाळावरचा एक केस आत अडकला तरी पाणी झिरपतं. ह्यांच्या मिशीपाशी गळायचं, तिथे सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवल्यावर थांबलं. नव्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, त्याने सारखी वाफ धरते. काचेला आतून वेगळं कोटिंग नसेल तर साधी पांढरी टूथपेस्ट चोळून दोन-तीनदा धुवायची. त्यानंतर दर वेळी उतरण्याआधी थुंकी चोळून विसळायची. जगभरचे डायव्हर हेच करतात, तेव्हा नाक मुरडू नका.

आता खरी गोष्ट. हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, एलिफंट बीचवर पाण्यात तोंड घातलं आणि ढगांच्या जागी एकदम कडा दिसल्या. ब्रेन कोरलच्या, म्हणजे मेंदूसारख्या दिसणाऱ्या प्रवाळाच्या, नागमोडी रेघा दिसल्या, त्याच्या शेजारच्या प्रवाळावर चांदण्यांसारखे दाटीने बसलेले छोटे पेले दिसले, एकेका पेल्यात एकेक जीव. पॅरटफिश प्रवाळ कुरतडतो त्याचा कटकट आवाज मी पूर्वीही ऐकला होता. या वेळी त्याने घेतलेल्या चाव्याचे पांढरे ओरखडेही दिसले. सी ॲनिमोनी या खडकाला चिकटून राहणाऱ्या मऊ जिवाच्या झुलत्या बोटांत क्लाऊनफिशची जोडी होती. तिच्यावर तरंगत मी किती वेळ घालवला कुणास ठाऊक.

आणि तिथेच एक माणूस प्रवाळावर सरळ उभा होता, मास्क कपाळावर चढवून काच पुसत. त्याला पायाखाली काय आहे ते दिसतच नव्हतं. गोलसर मोठं पोरायटीस प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं. कमरेइतक्या उंचीच्या त्या गोळ्याचं वय तुम्हीच काढा. आपल्याकडे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत. मास्क गळतो, धूसर दिसतं, जीव घाबरतो आणि पाय टेकायला जागा शोधतो. नीट बसणारा, नंबरचा मास्क घ्यावा असं मी इतक्या पोटतिडकीने सांगते त्याचं पहिलं कारण हे आहे. आपली हौस त्यानंतर.

डायव्हिंगलाही तो तितकाच चालला. त्याच बेटावरच्या नेमो रीफला किनाऱ्यावरूनच उतरलो. खाली जाताना कानावर दाब येतो, तेव्हा नाक चिमटीत धरून हवा कानाकडे सोडावी लागते, म्हणून नाक झाकणारा मऊ खिसा हवाच. पोहण्याचा गॉगल त्यासाठी चालत नाही. पूर्ण चेहरा झाकणारे नवे स्नॉर्केल मास्क दिसायला सोयीचे, पण त्यात नाक धरता येत नाही आणि चष्म्याची काडी कडेला पाणी आत घेते. मी ते घेणार नाही.

गढूळ पाणी कुठलाच मास्क निवळवत नाही. मालवणला नोव्हेंबर ते फेब्रुवारी जरा बरं दिसतं, पावसाळ्यात तर बोटी बंदच. खोलीवर लाल रंग आधी विझतो, तो परत हवा तर टॉर्च लागतो. चाळिशी लागलेल्यांना उणे नंबराच्या काचेतून हातावरचा, खोली आणि वेळ दाखवणारा डायव्ह कॉम्प्युटर वाचणं जड जातं, त्यांनी खालच्या भागात वाचायचा नंबर असलेल्या काचांची चौकशी करावी. कॉन्टॅक्ट लेन्स घालून उतरणारे पुष्कळ आहेत, पण समुद्राच्या पाण्याने डोळ्याला संसर्ग होण्याची भीती असते, मी तो मार्ग घेतला नाही.

एकदाच जायचं असेल तर विकत घेऊच नका. काही डायव्ह सेंटरांकडे नेहमीच्या नंबरांचे मास्क भाड्याने असतात. बुकिंग करतानाच दोन्ही डोळ्यांचे नंबर सांगून मास्क राखून ठेवायला सांगा. वर्षाआड पाण्यात उतरणार असाल, तर स्वतःचा घ्या, जाण्याआधी तलावात घालून बघा, आणि कडक डबीतून हँडबॅगेतच न्या. चष्म्याची डबी बोटीवर ओळखीच्या माणसाकडे द्या, कारण वर आल्यावर शिडी चढेपर्यंत तुमच्याकडे दुसरे डोळे नसतात.